शाखेचा रकाना आणि साडेपाचची बस

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

दहावीच्या मुलांसाठी आमच्या भागात भरलेल्या करिअर मार्गदर्शन शिबिराची बातमी आपल्या अंकात वाचली. फोटोही पाहिला. व्यासपीठावर सात माणसं, एक समई, आणि समोर गणवेशातली मुलं, त्यातली निम्मी जांभया देणारी. या शिबिरात वाटलेल्या पत्रकाच्या चारशे प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या, त्यामुळे त्यातला मजकूर मला जवळजवळ पाठ आहे. ‘आवड, क्षमता आणि संधी यांचा मेळ घाला’ असं त्यात ठळक अक्षरांत होतं. वाक्य वाईट नाही. पण सांखळीच्या बसस्थानकाजवळ मी १९९९ सालापासून झेरॉक्सचं दुकान चालवतो, दर वर्षी अकरावीचे, पॉलिटेक्निकचे, आयटीआयचे अर्ज भरून देतो, आणि आवड, क्षमता, संधी हे तिघे माझ्या दुकानात क्वचितच आले. आले ते बाप, मित्र, शेजारी आणि बस. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबलं तर कात्री आपल्या हाती आहेच.

पूर्वी अर्ज हातानं भरत. मूल माझ्याकडे फक्त झेरॉक्स आणि गोंदासाठी यायचं. आता बहुतेक कारभार ऑनलाइन झाला, त्यामुळे सगळं कुटुंबच दुकानात येतं. मी की-बोर्डवर, मूल माझ्या डाव्या हाताला, पालक मागं उभे. नाव, जन्मतारीख, आधार, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, हे सगळं पालक धडाधड सांगतात. फोटो पन्नास केबीत बसवून होतो. मग शाखेचा रकाना येतो. मी मुलाकडे बघून विचारतो, “कितें घालूं?” मूल वळून बापाकडे बघतं. बाप म्हणतो, “सायन्स बरय,” म्हणजे लिही. संपलं. पासपोर्ट फोटो कापायला मला याहून जास्त वेळ लागतो.

कधी मूल बापाकडे न बघता दारात उभ्या असलेल्या मित्राकडे बघतं. तो बोटानं खूण करतो आणि ह्याचं ठरतं. एका वर्षी एकाच वाड्यावरच्या पाच मुलांनी लागोपाठ वाणिज्य शाखा भरली. पाचव्याला मी विचारलं, “बाबा, कॉमर्स कशाला रे?” तो म्हणाला, “काका, बसमध्ये सोबत होते.” मी हसलो, आणि घरी जाऊन जेवताना बायकोला सांगितलं तेव्हा तीही हसली. पण नंतर विचार केला तेव्हा कळलं की त्या पाच जणांत खरं कारण सांगणारा तेवढा एकच होता.

बसचं मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण शिबिरात हिचं नाव कोणी काढलं नाही. केरी, मोर्ले, पर्ये, घोटेली या बाजूच्या मुलांचा दिवस सकाळच्या पहिल्या गाडीनं सुरू होतो आणि परतीच्या शेवटच्या गाडीनं संपतो. मुख्य रस्त्यावर राहणाऱ्याला गाड्या मिळतात. आत वाड्यावर राहणाऱ्याला परतीची एक गाडी चुकली की दोन-तीन किलोमीटर पायपीट, तीही पावसाळ्यात, तीही सहानंतर. म्हणून आई माझ्या काउंटरवर उभी राहून विचारते, “सायन्सचं प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं?” मी सांगतो, कधी पाच, कधी त्याच्याही पुढं. ती मनात हिशेब करते. तिच्या वाड्याची गाडी साडेपाचची. कॉलेज ते बसस्थानक चालत पंधरा मिनिटं. मग ती म्हणते, “नको, आर्ट्स घाल. आर्ट्सची पोरं दुपारी सुटतात.” त्या मुलीला विज्ञानात ८४ गुण होते. मार्कलिस्ट माझ्यासमोरच स्कॅनरच्या काचेवर पडली होती.

मुलांचं वेगळं. मुलगा सत्तर टक्क्यांनी पास झाला की बाप कर्ज काढून त्याला स्कूटर घेऊन देतो (लायसनचं मी काही विचारत नाही, पोलीस विचारतील), आणि त्या स्कूटरवरून म्हापसा, पणजी, फोंडा, सगळीकडच्या वाटा त्याला मोकळ्या होतात. मुलगी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांनी पास झाली तरी तिला घरावरून जाणारी बस जिथं थांबते तेच कॉलेज. मग आपण म्हणतो, मुलींना कला शाखेची ‘आवड’ असते.

एका मुलाची गोष्ट अजून टोचते. माझ्या दुकानाचं शटर अडकलं तर सगळी बाजारपेठ त्यालाच हाक मारायची, नववीत होता तेव्हापासून. हात कायम काळे. दहावीला एकाहत्तर टक्के मिळाले. त्याला मोटार दुरुस्तीचा ट्रेड हवा होता. तो ट्रेड जिथं होता तिथं सकाळी आठला हजर राहायचं, आणि त्याच्या गावची पहिली गाडी धरून दोन बस बदलल्या तरी तो पोचणार साडेआठनंतर. दोन दिवस बापलेक वेळापत्रक जुळवत बसले. तिसऱ्या दिवशी जवळच्या उच्च माध्यमिकात वाणिज्य शाखा भरली. मुलगा हुशार, पास झाला, पुढं बी.कॉम.ही झाला. आज एका दुकानात बिलं करतो. शटर अजून तोच दुरुस्त करतो, पैसे घेत नाही.

आता बापांविषयी. बाप दुष्ट नसतात, हे आधी लिहून ठेवतो, कारण मीही त्यातलाच आहे. आमच्या डिचोली-सत्तरीतल्या बापांना समजून घ्यायचं तर लोहखनिजाच्या खाणी समजून घ्याव्या लागतात. खाण जोरात होती त्या काळात माझ्या दुकानात सतरा-अठरा वर्षांची पोरं येत ती ट्रकच्या कर्जाचे कागद झेरॉक्स करायला. दहावीचा निकाल हा त्यांच्या घरी तेवढा मोठा विषय नव्हता. नापास झाला तरी ट्रक होता, ट्रक नाही तर खनिज वाहणारी बार्ज, बार्ज नाही तर गॅरेज. २०१२ च्या सप्टेंबरात सगळं बंद पडलं. मधल्या काळात थोडं चाललं. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सामसूम. निकाल योग्य की अयोग्य यावर आपल्याकडे पुष्कळ पत्रं आली असतील, मला त्यात जायचं नाही. धूळ मीही खाल्ली आहे. मी सांगतोय ते त्या नंतरच्या बापाबद्दल, ज्याचा टिपर घरामागं फणसाखाली ताडपत्रीत उभा राहिला आणि टायरांवर शेवाळ चढलं.

तो बाप मुलाला घेऊन येतो तेव्हा एकच गोष्ट सांगतो: “यंत्राच्या वाटेला जायचं नाही. सरकारी नोकरी धर.” मुलाला डिझेल इंजीन आवाजावरून कळतं, कारण तो त्या टिपरखालीच लहानाचा मोठा झाला. पण बापाला इंजीन बघितलं की बँकेचा हप्ता आठवतो. मग मुलगा बी.ए. करतो आणि एलडीसीच्या, म्हणजे सरकारी कनिष्ठ कारकुनाच्या, परीक्षेला बसतो. आता कर्मचारी निवड आयोगाची संगणकावर परीक्षा असते, त्यामुळे त्याच्या फॉर्मलाही तो माझ्याकडेच येतो. एकदा, दोनदा, चारदा. चौथ्या वेळी मी त्याच्याकडून पैसे घेत नाही.

२०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरीचं आमिष दाखवून पैसे उकळल्याच्या प्रकरणांत आपल्या गोव्यात एकामागून एक अटका झाल्या, आपण त्या बातम्या पहिल्या पानावर छापल्या. मला वाटलं, चला, आता तरी या नोकरीचं भूत उतरेल. दुकानात पेपर वाचत बसलेल्या एका गृहस्थाला मी तसं म्हटलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे बघ, नोकरी किती मोलाची असेल ती.”

यापुढं काय बोलणार?

भाषेचा भाग मी थोडक्यात आटोपतो, नाहीतर माध्यमाच्या वादावर आपली दोन पानं जातील. चौथीपर्यंत आमची मुलं सरकारी शाळेत मराठीत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी पुस्तकं हातात येतात. जी पोरं त्यातून तरतात ती तरतात. बाकीच्यांना विज्ञान कठीण जात नाही, इंग्रजी कठीण जातं, पण दहावीला पोचेपर्यंत दोन्हींचा गोळा होऊन ‘मला सायन्स जमत नाही’ असं वाक्य तयार होतं. मराठीतून शिकवलं म्हणून असं होतं, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. पाचवीला मधला पूल कोणी बांधला नाही, एवढंच माझं म्हणणं. मोबाइलचंही तसंच थोडक्यात. हल्ली दर दहातला एक मुलगा मला सांगतो की त्याला व्लॉगर व्हायचंय. त्यांना हसू नये. रील करणारा माणूस त्यांनी निदान काम करताना पाहिलेला असतो.

आणि इथंच मला जे म्हणायचं आहे ते येतं. मागच्या उन्हाळ्यात अर्ज भरायला आलेल्या तीसेक मुलांना मी एक प्रश्न विचारला. जवळून, हातभर अंतरावरून, कोणकोणती कामं होताना बघितलीस? खराब निघालेल्या कागदाच्या पाठीवर लिहायला सांगितलं. मास्तर, कंडक्टर, पोलीस, दुकानदार, पंचायतीतला क्लार्क, गवंडी, शिवणकाम, काजूची भट्टी. एकानं ‘आमदार’ लिहिलं, तो आमदारांच्या घराशेजारी राहतो. एकीनं ‘भटजी’. बहुतेकांची यादी सहा-सातच्या पुढं गेली नाही. याच सहा-सातांतून आम्ही त्यांना आयुष्य निवडायला सांगतो आणि निवडलं नाही तर म्हणतो, हल्लीच्या मुलांना ध्येय नाही.

गोवा काही एवढा गरीब नाही हो कामांच्या बाबतीत. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती स्थापन झाली १९६६ साली. वास्कोत ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, अंटार्क्टिकावर जाणाऱ्या मोहिमांची व्यवस्था तिथून होते. गोवा शिपयार्डात जहाजं बांधतात. जुन्या गोव्याला, एल्याला शेती संशोधन संस्था आहे. कुंडई, वेर्णा इथं औषधांचे कारखाने आहेत. आमच्या शाळांची सहल दर वर्षी निघते: जुन्या गोव्याची चर्च, मंगेशी, मिरामार आणि शेवटी दोनापावलाची जेटी. जेटीवर फोटो काढायला जाणारी ती बस समुद्रविज्ञान संस्थेच्या दारावरून जाते. आत काय चालतं, समुद्राच्या तळाचा गाळ कोण आणि का तपासतो, हे मुलांना कोणी सांगत नाही, कारण पाच वाजायच्या आत परत फिरायचं असतं. बस पुन्हा आलीच.

आयआयटीचंच घ्या. ती गोव्यात २०१६ पासून आहे, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात तिचे वर्ग सुरू झाले. पण सत्तरीच्या कित्येक मुलांनी ‘आयआयटी’ हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला तो २०२१ च्या जानेवारीत, तिच्या कायमच्या आवारासाठी ठरवलेल्या जागेवरून सत्तरीतच पेटलेल्या शेळ-मेळावलीच्या आंदोलनात. जमीन जाईल, काजू जातील, ही भीती त्या शब्दाला चिकटली. त्या भीतीत तथ्य होतं की नव्हतं हे ज्याची जमीन त्यानं सांगावं, मी सांखळीत बसून सांगू नये. एवढं मात्र मी पाहिलं की त्या दिवसांत पत्रकांच्या शेकडो प्रती काढताना एकाही कागदावर तिथं शिकवतात काय, हे कोणी लिहिलं नव्हतं. मागणाऱ्यांनी नाही आणि नाकारणाऱ्यांनीही नाही.

शिबिरात एका वक्त्यांनी डॉ. रघुनाथ माशेलकरांची गोष्ट सांगितली म्हणे. आमच्या शेजारच्या माशेलचे, त्यामुळे प्रत्येक शिबिरात ती निघतेच. मुंबईत शाळेत असताना भावे सरांनी मुलांना उन्हात नेलं, भिंगानं सूर्यकिरण एका जागी आणले आणि कागद जळताना दाखवला. वक्ते यातून एकाग्रतेचा धडा काढतात. मला त्यात दुसरंच दिसतं. मास्तरांनी मुलांना वर्गाबाहेर नेलं. धूर निघताना मुलांनी डोळ्यांनी पाहिला. ही गोष्ट माइकवरून सांगणाऱ्यांनी खिशात एक भिंग ठेवलं असतं तर? बाहेर ऊन तर फुकट होतं.

आता माझ्या घरचं सांगतो, नाहीतर लोक म्हणतील, दुसऱ्याच्या पोरांवर पांडित्य.

माझा मुलगा २०१४ साली दहावी झाला, ८२ टक्के. लहानपणापासून घरातला रेडिओ, मिक्सर, माझं बंद पडलेलं जुनं मशीन, सगळं उघडून बसायचा. मी त्याला विज्ञान शाखेत घातला. त्याच्या आवडीचा त्यात काहीच संबंध नव्हता. मी स्वतः कला शाखेतून गेलो आणि तेव्हा एका मामानं भर जेवणाच्या पंगतीत म्हटलं होतं, “आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची शाखा.” ते वाक्य मी तीस वर्षं सांभाळून ठेवलं आणि मुलाच्या अर्जावर वापरलं. बारावीला तो भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात गेला. नंतरचं एक वर्ष तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी दुकानात दुसऱ्यांच्या मुलांचे अर्ज भरत होतो.

एक दिवस त्याचा मित्र त्याला आपल्या आयटीआयत घेऊन गेला, काही काम होतं म्हणून नुसता सोबत. तिथल्या वर्कशॉपमध्ये कोणीतरी एसी उघडून ठेवला होता. संध्याकाळी घरी येऊन हा पोरगा कॉम्प्रेसर, कॉइल, गॅस कुठून कुठं फिरतो, असं तासभर बोलत होता. एका वर्षात त्यानं एवढं बोलणं केलं नव्हतं. पुढं त्यानं तोच ट्रेड केला. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, त्यानंतर तिथं कंत्राटदाराकडे एसीच्या देखभालीला लागला. माझ्या दुकानापेक्षा जास्त कमावतो.

आणि तरीही, संपादकसाहेब, लग्नाकार्यात कोणी विचारलं, “मुलगा काय करतो?” की मी सांगत असे, “मोपाला असतो, एअरपोर्टवर.” एवढ्यावर थांबायचं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टाय आणि टोपी आली तर येऊ द्यायची. बायको कोपरानं ढोसायची. एकदा हरमलच्या एका लग्नात मुलगा मागंच उभा होता. तो नुसतं म्हणाला, “बाबा, एसी म्हण ना.” त्या दिवसापासून म्हणतो. पण जीभ अजूनही एक क्षण अडखळते, हे खोटं कशाला सांगू?

मुलीच्या बाबतीत मी काही केलं नाही, म्हणून बरं झालं. ती नववीत असताना माझी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, बांबोळीच्या इस्पितळात एकोणीस दिवस होती. मे महिना, शाळेला सुट्टी, त्यामुळे आजीपाशी मुलगी बसायची. तिथल्या एका नर्सबाईनं तिला सलाइनचे थेंब कसे मोजतात ते दाखवलं, आजीला कुशीवर वळवताना हात कुठं धरायचा ते दाखवलं. मोठं भाषण कोणी दिलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, मला हे करायचंय. नातेवाईक म्हणाले, रात्रपाळी असते, लग्नाला अडचण. मीही पंधरा दिवस कुरकुरलो. आज ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझं बीपी तपासताना मला दटावते.

या दोघांच्या गोष्टी बाजूबाजूला ठेवल्या की मला माझ्या काउंटरवरच्या सगळ्या मुलांचं कळतं. मार्गदर्शन कमी पडत नाही, पत्रकं तर मीच छापतो. दाखवणं कमी पडतं. म्हणून शिबिर भरवणाऱ्यांना माझी सूचना: पुढच्या वर्षी व्यासपीठावरचे सात जण कमी करून दोन ठेवा. उरलेल्या पाच खुर्च्यांवर एक वायरमन, एक परिचारिका, एक बोटीवर जाऊन आलेला खलाशी, एक औषध कंपनीत शिफ्ट करणारी मुलगी आणि एक शेतकरी बसवा. आपापली हत्यारं घेऊन या म्हणावं. पगार किती, कंत्राट किती महिन्यांचं, पाठ कधी दुखते, हे त्यांना खरं खरं सांगू द्या. शाळांनी नववीच्या मुलांना वर्षातले चार दिवस कुठल्या तरी कामाच्या जागी नुसतं बसवून ठेवलं तरी चालेल. आता काही शाळांत नववीपासून व्यावसायिक विषय आहेत, ऑटोमोबाईल, रिटेल, हेल्थकेअर वगैरे, चांगली गोष्ट आहे. पण त्याची फाइल सजवून माझ्याकडे स्पायरल बाइंडिंगला येते तेव्हा मी विचारतो, गॅरेजमध्ये किती वेळा गेलास? बहुतेक जण हसतात.

आपल्यालाही एक विनंती. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या अंकात कॉलेजांच्या पानपानभर जाहिराती येतात. त्याच पानावर खाली, लहान अक्षरांत का होईना, त्या त्या ठिकाणी सकाळी किती वाजता पोचता येतं आणि संध्याकाळी शेवटची कदंब, म्हणजे सरकारी बस, किती वाजता सुटते, ते छापा. आमच्याकडच्या आया आधी तेच वाचतील. आणि कदंबवाल्यांनीही ते पान वाचलं तर वाईट होणार नाही. एक गाडी अर्धा तास पुढं सरकली तर किती मुलींची शाखा बदलेल, याचा अंदाज त्यांना नसावा.

शेवटी, हे पत्र आजच लिहायला बसण्याचं कारण. गेल्या सोमवारी सत्तरीतल्या एका गावची मुलगी वडिलांबरोबर आली. त्यांच्या काजूच्या बागायतीचा आल्वारा जमिनीचा, म्हणजे पोर्तुगीज काळात सरकारनं लागवडीला दिलेल्या जमिनीचा, जुना घोळ आहे, आपल्या वाचकांना ते दुखणं नव्यानं सांगायला नको. त्या मोजणीसाठी मागं एक सर्व्हेअर आला होता. तिपाईवर यंत्र लावून त्यानं एका डोळ्यानं पाहिलं आणि डोंगराचा उतार कागदावर उतरवला. या मुलीनं दिवसभर त्याच्यासाठी पट्टी धरली. आता ती मला विचारत होती, “काका, त्या माणसासारखं व्हायला कुठली शाखा घालायची?” मला येत नव्हतं. मी सिव्हिलचा डिप्लोमा करणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. तो म्हणाला, दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा कर, पुढं हवं तर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. पणजीला आल्तिनोवर सरकारी पॉलिटेक्निक आहे, तिथं सिव्हिल आहे.

वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. घर ते वाळपई, वाळपई ते पणजी, मग आल्तिनोचा चढ. परत येताना उलट. तिनं दप्तरातून कागद काढला. त्यावर तिनं सगळ्या गाड्यांच्या वेळा आधीच लिहून आणल्या होत्या, कंडक्टरला विचारून. एका ठिकाणी वीस मिनिटांची गाठ पडत नव्हती, तिथं तिनं गोल केला होता. वडील तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “शुक्रवारपर्यंत सांगतो.” घरी बायकोशी बोलतील, भावाशी बोलतील, शेजारी कोणाची पोर पणजीला जाते का ते बघतील.

अर्ज अर्धा भरून मी सेव्ह करून ठेवला आहे. झेरॉक्स केलेले दाखले माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, वर तिच्या गाड्यांच्या वेळांचा कागद. आज बुधवार.

आपला नम्र,
एक झेरॉक्सवाला,
सांखळी, गोवा